न बोलणारा मुलगा आणि पॅटर्नवाले तात्या : एक प्रकरण अभ्यास

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, वेंगुर्ला रोडवरून आत वळल्यावर लागणारं गाव. घरात आई, आजी आणि पाच वर्षांची बहीण. वडील गोव्यात टेम्पो चालवतात; गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येतात. आई काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि घरच्यांच्या संमतीनंच हे लिहिते आहे.

शाळेनं मुलाला आमच्याकडं पाठवलं ते तो बोलत नाही म्हणून नव्हे, चड्डी ओली होते म्हणून. मधल्या सुट्टीनंतर तो कधी कधी बाकावरून उठायचाच नाही. टीचरना आधी लघवीचा काही विकार वाटला. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. अडचण एवढीच, की 'जाऊ का?' हे त्याला विचारता येत नव्हतं. करंगळी वर करणंही जमत नव्हतं, कारण करंगळी वर केली की सगळा वर्ग बघतो.

पहिली दोन वर्षं तो गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. तिसरीला घरच्यांनी त्याला कन्नड माध्यमात घातलं. त्यामुळं शाळेचं आणि गावाचं निदान तयारच होतं : भाषा येत नाही, आली की बोलेल. ही शंका अगदीच चुकीची नव्हती. नव्या भाषेच्या वर्गात टाकलेलं मूल काही महिने गप्प राहतं, ते निरोगी असू शकतं. सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे काही ठिकाणी बोलूच न शकणं, या विकाराच्या निदानाच्या निकषांतही हे आहे : मौन किमान महिनाभर टिकलेलं हवं, शाळेचा पहिला महिना धरायचा नाही आणि केवळ भाषा येत नसल्यामुळं मूल गप्प असेल तर हा विकार म्हणायचा नाही. म्हणून मी आधी त्याच्या जुन्या शाळेत गेले. तिथं सगळे मराठी, अर्धा वर्ग त्याच्याच गल्लीतला. गुरुजी म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं. गणितं बरोबर. आवाज मात्र मी ऐकलेला नाही." हजेरीला तो हात वर करायचा आणि गुरुजी पुढचं नाव घ्यायचे. पट इतका लहान की सगळ्यांना त्याची सवय झाली होती. म्हणजे कन्नड शाळेनं हे मौन निर्माण केलं नव्हतं. तिथं ते उघडं पडलं.

घरचं चित्र उलटं. आईनं मोबाईलवर चोरून केलेलं चित्रण दाखवलं. मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू आपटत हा एकटाच दोन्ही संघांकडून खेळतोय, वर मोठ्या आवाजात कॉमेंट्री. मध्ये बहीण आडवी आली तर तिला दम. उच्चार स्वच्छ, शब्द भरपूर. कान तपासून घेतले, तेही ठीक. बेळगावातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं : सिलेक्टिव्ह म्युटिझम. काही ठिकाणी, काही माणसांशी सहज बोलणारं मूल इतर ठिकाणी बोलूच शकत नाही. पूर्वी याला हट्ट समजत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनं तो चिंतेच्या विकारांत धरला. प्रमाण फार नाही, हजार मुलांत दहाच्या आतच. घरात मात्र हे कुणाला पटेना. आजीनं वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिलं होतं. एका नातेवाइकाचं म्हणणं, संस्कार शिबिरात घाला, स्टेज डेअरिंग येईल. ज्याला टीचरकडं बघून मान हलवता येत नाही, त्याला स्टेजवर उभं करायचं!

आज्जा

हे सगळं शिशुवयापासून होतं, मग घरच्यांना इतकं उशिरा का जाणवलं? उत्तर आजीनं दिलं. मागच्या वर्षापर्यंत आज्जा होता. दुकानात, देवळात, शनिवारच्या बाजारात, सगळीकडं नातवाचं बोट धरून. कुणी विचारलं, "काय गा, नाव काय तुझं?" तर आज्जा नाव सांगायचा. "कितवीला?" तेही आज्जाच. चॉकलेट कुठलं पाहिजे तेसुद्धा. पोराला तोंड उघडायची वेळच आली नाही. फाल्गुनात आज्जा गेला आणि जूनमध्ये शाळा बदलली.

आज्जाच्या मायेत खोट काढायचा हेतू नाही. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहायला हवं. प्रश्न आला की मुलाच्या पोटात भीती उठते, कुणीतरी उत्तर देऊन टाकतं, भीती विरते. मूल शिकतं : गप्प राहिलं की सुटका होते. दरवेळी हा धडा पक्का होत जातो. म्हणून 'आज्जाची जागा भरून काढणारं माणूस शोधा' हा आईचा हट्ट मला अर्धाच मान्य होता. माणूस हवं होतं, आज्जासारखंच रोजच्या बघण्यातलं. पण त्यानं बोलायला लावायचं नाही आणि मुलाच्या वतीनं बोलायचंही नाही. हे दुसरं पाळणं फार अवघड असतं. पोराची तगमग बघवत नाही आणि आपण पटकन उत्तर देऊन मोकळे होतो.

सोबतीला आधार काय

मोठ्या माणसाची नुसती सोबत हा उपचार होऊ शकतो, हे कुणा एकाच्या मनातलं गोड स्वप्न नाही. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये अर्नेस्ट कूल्टर नावाच्या न्यायालयातल्या कारकुनानं, कोर्टात येणाऱ्या मुलांना एकेक प्रौढ मित्र मिळवून द्यायला सुरुवात केली. 'बिग ब्रदर्स' चळवळ त्यातूनच वाढली. १९५७ साली रॉचेस्टर शहरात सुरू झालेल्या प्रकल्पात एमरी कोवेन यांनी शाळेत बुजणाऱ्या, मागं पडणाऱ्या लहान मुलांसाठी साध्या गृहिणींना थोडं प्रशिक्षण देऊन सोबतीला बसवलं. हवाईमधल्या काउआई बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पुढची अनेक वर्षं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं सगळं अंगावर घेऊनही जी मुलं नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात आईबापांपलीकडचं का होईना, एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच विषयातला कडू निष्कर्ष. बिग ब्रदर्सच्या ९५९ मुलांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळे सांगतात, कारण त्यात फायदे दिसले : सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी. त्याच माहितीकडं २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी पुन्हा पाहिलं. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांना सर्वाधिक फायदा झाला; ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घसरला. म्हणजे अर्धवट सोबत निरुपद्रवी नसते. उत्साहानं येऊन महिनाभरात गायब होणाऱ्या स्वयंसेवकापेक्षा कुणी न आलेलं बरं.

आमच्याकडं आणखी एक व्यावहारिक कारण होतं. बेळगावात मानसशास्त्रज्ञाकडं यायचं म्हणजे दोन बस आणि आईचा दिवसाचा पगार. महिन्यातून एकदा जमेल एवढंच. मधले दिवस कुणीतरी गावातच हवं होतं.

तात्या

तात्या म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पॅटर्नमेकर. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आयुष्य गेलं. ओतकामाच्या आधी वाळूत जो साचा उठवतात त्यासाठी लाकडाचा नमुना लागतो. तो करणारा हा माणूस. निवृत्तीनंतर घरापुढच्या शेडमध्ये पाट, पोळपाट, देवघरं अशी किरकोळ कामं चालू. वर्षानुवर्षं करवतीच्या मशीनशेजारी काम केल्यानं कानानं जरा कमी ऐकू येतं.

त्यांना निवडलं ते प्रेमळ आहेत म्हणून नव्हे. शेड रस्त्याला लागून, तीन बाजूंनी उघडी. आत काकू असतात. मुलाच्या आजीला आपल्या ओट्यावरून शेड दिसते. लहान मुलासोबत एकटा प्रौढ ठेवण्याची योजना करताना या गोष्टी आधी बघायच्या, स्वभाव नंतर. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा आहे; पण 'आपल्या गावात असलं काही नसतं' हे वाक्य अजून प्रत्येक गावात ऐकू येतं. तात्यांना मी हे स्पष्टच सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय. माझ्या नातीला कुणाकडं सोडताना मी पण बघीनच की."

दुसरं कारण, त्यांना करमणुकीसाठी पोरगं नको होतं. त्यांच्याकडं काम होतं. एकटेपणा घालवायला मुलाची माया शोधणारा सोबती नकळत मुलाकडून काहीतरी मागत राहतो. अशा मुलाला तर ते मागणं लगेच कळतं.

ठरलं असं : मंगळवार, गुरुवार, शाळा सुटल्यावर तासभर. मुलानं बसायचं, वाटलं तर हात लावायचा. तात्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत. हातातल्या कामाबद्दल स्वतःशी बोलल्यासारखं बोलायचं. 'हा सागवान न्हाई, शिवण हाय,' एवढंच. कुणी तिसऱ्यानं मुलाला काही विचारलं तर पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं, मग विषय बदलायचा, उत्तर द्यायचं नाही. शेडबाहेर दोघांनी एकट्यानं कुठं जायचं नाही. खाऊ, पैसे, बक्षीस काही नाही. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. आणि मूल बोललं तर शाबासकी द्यायची नाही. हे शेवटचं ऐकून काकू चकित झाल्या, पण अशा मुलाला कौतुक म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या नजरा.

शाळेत तेवढ्यात एक साधी सोय झाली. वर्गाच्या दारामागं खिळ्याला लाल रंगाची लाकडी पट्टी अडकवली. ज्याला लघवीला जायचं त्यानं पट्टी घ्यायची, जायचं, परत आणून लावायची. कुणीच विचारायचं नाही. नियम सगळ्या वर्गाला लागू, नाहीतर पट्टी त्याचीच म्हणून ओळखली गेली असती. ओल्या चड्डीचा प्रश्न पंधरवड्यात संपला. टीचरनी हे मनापासून केलं. साठ मिनिटांच्या समुपदेशनापेक्षा कधी कधी एक खिळा जास्त काम करतो.

दोन पट्ट्या

पहिले काही आठवडे काहीही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. तो उंबऱ्यावर बसायचा, मग स्टुलावर. पॉलिश पेपर घासायला लागला. तात्यांना सवय अशी की लाकूड घासून झालं की डोळे मिटून अंगठा फिरवायचा. मुलगाही तसंच करू लागला. खडबडीत लागलं की तो तुकडा तात्यांकडं सरकवायचा, तात्या अंगठा फिरवून पुन्हा त्याच्याकडं. एका अक्षराविना चाललेलं हे बोलणंच होतं.

श्रावण संपता संपता एक दिवस त्यानं कंपास पेटीतली प्लास्टिकची पट्टी काढली आणि तात्यांच्या जुन्या पोलादी पट्टीला लावून बघितली. शून्याला शून्य जुळत होतं, पण पलीकडच्या टोकाला तीस सेंटिमीटरवर तीन मिलिमीटरचा फरक. त्यानं तात्यांची बाही ओढली आणि बोट ठेवलं. तात्या करवत चालवत होते. तो म्हणाला, "चुकलीय." तात्यांना ऐकू आलं नाही. आत काकूंच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप थांबलं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. तो पुन्हा, मोठ्यानं म्हणाला, "पट्टी चुकलीय तुमची!"

"चुकली न्हाई गा," तात्या मान वर न करता म्हणाले. "वतलेलं लोखंड थंड झालं की आकसतंय. शंभराला एक. म्हणून आमची पट्टीच लांब केलेली असती."

पॅटर्नमेकरची पट्टी अशीच असते, हे मलाही तेव्हाच कळलं. ओतीव लोखंड साधारण एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा; दरवेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरच्या खुणा ताणून आखलेल्या असतात. पुढचा अर्धा तास मुलानं दोन्ही पट्ट्यांनी शेडमधली प्रत्येक वस्तू मोजली आणि आकडे पुटपुटत राहिला.

तात्यांचा कमी ऐकू येणारा कान आमच्या आराखड्यात नव्हता. पण तो उपयोगी पडला. एरवी अशा मुलाचा पहिला शब्द ऐकून मोठी माणसं हरखतात, शेजाऱ्याला हाक मारतात, आणि मूल पुन्हा कवाडं लावून घेतं. इथं पहिला शब्द हवेत विरला आणि दुसऱ्याला उत्तर मिळालं ते कामातलं. कुजबुज तात्यांना ऐकू येत नाही हे कळल्यावर त्याला आवाजही मोठा करावा लागला. मानसशास्त्रज्ञ महिन्याच्या भेटीत आवाजाच्या पायऱ्या बांधत होत्याच. त्या पायऱ्यांवर चढायला गावात एक जागा तयार झाली.

गणपती आणि किल्ला

गणपतीला वडील आले. आरतीला पाहुणे जमलेले. वडिलांनी पन्नासाची नोट काढली : "'सुखकर्ता' म्हणून दाखव, मग ही तुझी." मुलगा दगड झाला. वडिलांनी आवाज चढवला, आजी रडली. त्यानंतर मंगळवार गेला, गुरुवार गेला, पोरगं शेडकडं फिरकेना. आजी त्याला सांगायची, "तात्या वाट बघायलेत की रं." ते सांगू नका म्हटलं. तात्यांनी एवढंच केलं की त्या वेळेला शेड उघडी ठेवली आणि स्टूल नेहमीच्या जागी. गणपती जाऊन बरेच दिवस झाल्यावर तो आपला आपण येऊन बसला.

वडिलांशी फोनवर बोलले तेव्हा राग नव्हता, दुखावलेपण होतं. "माझ्याशी पण फोनवर बोलत न्हाई. गावाला काय बोलेल?" चार महिन्यांनी दिसणारा बाप मुलासाठी अर्धा परकाच होता. बोलणं मागायचं सोडून वडिलांनी रोज एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवायचा असं ठरलं : आज टेम्पोत काय भरलं, कुठल्या घाटात थांबलो. उत्तराची अपेक्षा नाही. काही दिवसांनी उत्तर आलं, तेही मिनिटभराची क्रिकेट कॉमेंट्री. वडिलांनी ती गोव्यात सगळ्या ड्रायव्हरांना ऐकवली. मुलाला मात्र ते सांगितलं नाही, एवढं त्यांनी पाळलं.

बेळगाव भागात दिवाळी म्हणजे किल्ला. यंदा गल्लीनं येळ्ळूरचा राजहंसगड करायचा ठरवलं आणि दरवाजा तात्यांच्या शेडमध्ये झाला. म्हणजे गल्लीतली पोरं शेडमध्ये आली. आधी एक, मग तीन. किल्ला बघायला आलेल्यांना माहिती सांगायची पद्धत आहे. पोरं छाती काढून सांगतात. आमच्या मुलानं ती माहिती तात्यांच्या फोनवर, शेडमध्ये, रेकॉर्ड केली. कुणी आलं की तो स्वतः बटण दाबायचा. मंडळाचे परीक्षक आले, त्यांनी त्यालाच विचारलं, "तू सांग की माहिती." तात्या शेजारी उभे. पाच आकडे. त्यांनी तोंड उघडलं नाही. मुलानं बटण दाबलं. परीक्षकांना वाटलं, हल्लीच्या पोरांची टेक्नॉलॉजी. भाऊबीजेच्या दिवशी एका पाहुण्या पोरानं तटावर पाय ठेवला, तेव्हा याच मुलानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला : "ए, बुरूज मोडंल बे!"

शाळेत

घराबाहेर बोलणारं मूल शाळेत आपोआप बोलत नाही. ती भिंत वेगळी पाडावी लागते. हेडमास्तर आणि एस.डी.एम.सी.ची, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीची, परवानगी घेतली. शनिवारी शाळा लवकर सुटते. रिकाम्या वर्गात तात्या आणि मुलगा बाक मोजायला बसले. साध्या टेपनं, ती दुसरी पट्टी आणली असती तर शाळेचे सगळे बाक चुकले असते. मुलगा आकडे सांगायचा, तात्या लिहायचे. टीचर पहिल्या शनिवारी व्हरांड्याच्या टोकाला. पुढं दारात. मग वर्गात, पाठमोऱ्या, वह्या तपासत. मग आकडे लिहायचं काम टीचरनी घेतलं आणि तात्या खिडकीपाशी गेले. याला स्लायडिंग-इन म्हणतात : ज्याच्याशी मूल बोलतं त्याच्या सोबतीनं नवा माणूस हळूहळू आत सरकवायचा आणि मग जुन्यानं बाहेर सरकायचं. मापंच निवडली, कारण त्यात फक्त आकडे लागतात. वाक्य जुळवायचं नाही, चूक झाली तर पुन्हा मोजता येतं.

एका शनिवारी टीचरनी वर न बघता कन्नडमध्ये विचारलं, "एष्टू?" तो म्हणाला, "नूरा इप्पत्तू." एकशे वीस. कन्नड त्याला येतच होतं, सहा महिने ऐकून ऐकून. भाषेच्या नावावर खपलेली शंका तिथं मिटली.

संक्रांतीनंतर एका मित्राला त्या खेळात घेतलं, मग दोघांना. वार्षिक परीक्षेच्या सुमारास तो टीचरना वर्गात एकेका शब्दात उत्तर देत होता आणि चार मुलांच्या गटात धडा वाचत होता. प्रार्थनेच्या वेळी अजून ओठ हलतात, आवाज नाही. हेडमास्तरांच्या खोलीत नाही. अनोळखी पाहुण्यांसमोर नाही. दुकानात मागणी स्वतः करतो, पण उधारीवर लिहून ठेवा म्हणायला लाजतो. ते तर मोठ्या माणसांनाही जमत नाही.

वेळापत्रक थांबवताना

तात्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडं पुण्याला जायचं होतं, उन्हाळ्यात. ते आम्हाला दोन महिने आधी कळलं आणि त्याच दिवशी मुलालाही सांगितलं. अनेक सोबती हे शेवटच्या दिवसापर्यंत लपवतात, पोराला वाईट वाटेल म्हणून. ज्याचा आज्जा एका रात्रीत गेला त्याच्या बाबतीत ते चाललं नसतं. कॅलेंडरवर दोघांनी मिळून उरलेले मंगळवार, गुरुवार खुणा करून ठेवले. नंतरही तात्या गल्लीतलेच. येणं-जाणं राहील, फक्त ठरलेला तास संपेल. मुलगा थोडा चिडला, एक पोळपाट मुद्दाम वाकडा घासला. तात्यांनी तो तसाच विकायला ठेवला.

हे सगळं तात्यांच्याच जिवावर झालं असा सूर गावात आहे. मला तो मान्य नाही. महिन्याच्या भेटी, दारामागचा खिळा, शनिवारी थांबणाऱ्या टीचर, आजीनं गिळलेले शब्द, यांतलं एक जरी नसतं तर शेडमधली सोबत शेडमध्येच राहिली असती. उलट, शेड नसती तर भेटींतलं शिक्षण वहीतच राहिलं असतं, हेही खरं.

आता चौथीत टीचर बदलणार आहेत. नवीन टीचर त्याला वर्गात पहिल्यांदा भेटू नयेत म्हणून शाळा उघडण्याआधी रिकाम्या वर्गात दोन भेटी ठरवल्या आहेत. तात्या तोवर पुण्याहून आले नसतील तर टेप धरायला आई येईल. कारखान्यात तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली आहे; मुकादमानं हो म्हटलंय, पगार कापून.